काढा आम्ही औषधात धरत नव्हतो

गेल्या वर्षभरात मला डॉक्टरांनी, नर्सनं, इको काढणाऱ्या मुलीनं आणि एकदा तर लिफ्टमध्ये भेटलेल्या शिकाऊ डॉक्टरनंही एकच प्रश्न विचारला, "याशिवाय दुसरं काही औषध घेता का?" प्रत्येक वेळी मी छाती फुगवून, म्हणजे तेव्हा जेवढी फुगत होती तेवढी फुगवून, सांगितलं, "छे, अजिबात नाही."

मी खोटं बोलत नव्हतो. माझ्यासारखी बेसावध माणसं आणखी असतील म्हणून हे लिहायला बसलोय. लिहिण्याची सवय नाही. मी चोपन्न वर्षांचा माणूस, राजारामपुरीत क्लासेसच्या गर्दीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं छापत आलो. घरच्या लग्नकार्यात मात्र रात्रीच्या पंगतीनंतर पोरं मला घेरून बसतात, कारण माझ्या फजितीच्या गोष्टी संपत नाहीत. ही त्यातलीच एक. फक्त ही मी पंगतीत सांगत नाही.

तिसरा खेटा

आमच्याकडे माघ महिन्यातले पाच रविवार जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचं असतं. त्याला खेटे म्हणतात. एकदा धरले की पाचही पुरे करायचे, मधला मोडायचा नाही. मी बारा वर्षं चालतोय. माझी भक्ती किती आणि डोंगरावरून खाली आल्यावरच्या नाष्ट्याची ओढ किती, याचा हिशेब जोतिबालाच ठाऊक.

यंदा तिसऱ्या रविवारच्या आधी गुरुवारी ताप आला. सगळ्या गल्लीत तो ताप होता. अंग मोडून निघालं, घसा बसला, शनिवारी ताप उतरला. उतरला म्हणजे गोळीनं दबला. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "ह्या रविवारी नका जाऊ हो."

"खेटा मोडायचा?"

"तुम्ही मोडाल त्यापेक्षा खेटा मोडलेला बरा."

मी गेलो. पहाटे निघालो तेव्हा पाय हलके वाटत होते. गायमुखाच्या वरच्या चढणीला छातीवर कुणीतरी शेंगदाण्याचं पोतं ठेवल्यासारखं झालं. मागून येणारे "चांगभलं" म्हणत पुढं जात होते. मी एका दगडावर बसलो. वाटलं, दम लागलाय. मग वाटलं, वय झालंय. मग काही वाटेनासं झालं. कुणीतरी नारळ फोडून त्याचं पाणी तोंडावर मारत होतं आणि कुणीतरी म्हणत होतं, "पावणं, डोळं उघडा की! घरचं कोण हाय का संगं?"

सुजलेलं हार्ट

सगळ्यांना वाटलं, अटॅक. मलाही. हातातून तार घालून बघितली तर नळ्या स्वच्छ. सुनंदाच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर हार्टचं चित्र काढलं. मी सवयीनं कागद बघितला, सत्तर जीएसएमचा, हलका.

"तापाचा विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलाय. स्नायू सुजलाय. तापात तुम्ही चालला नसतात तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं."

"पंपिंग किती आहे?" सुनंदानं विचारलं. हा शब्द आमच्या गल्लीत सगळ्यांच्या माहितीचा आहे. कुणाचंही हार्ट म्हटलं की आम्ही आधी पंपिंग विचारतो.

"तीस. साठच्या आसपास हवं."

शाळेत मला गणितात नेहमी तीसच पडायचे, तेव्हा फार वाईट वाटलं नव्हतं.

"बरं होतं हे," बाई म्हणाल्या. "पुष्कळांचं होतं. पण सहा महिने जिना नाही, बादली नाही, राग नाही. आणि बीपी ताब्यात पाहिजे. सुजलेल्या हृदयाला जोरानं ढकलायला लावलं तर ते भरून येणार नाही. मग आहे त्यातच राहावं लागेल, किंवा आणखी खाली."

आणखी खाली म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. दारात आई उभी होती.

आई एकोणऐंशी वर्षांची. तिला सुनंदा घरी ठेवून आली होती, ती शेजारच्याच्या रिक्षानं एकटी आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं आणि सुनंदाला हळूच विचारलं, "ह्योबी?"

एवढंच. माझा थोरला भाऊ, दादा, गेल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

शेजारचा पलंग

माझ्या शेजारच्या पलंगावर पन्हाळ्याकडचे एक आबा होते. दोन दिवस त्यांनी मला निरखलं. तिसऱ्या दिवशी नर्स सुई लावून गेल्यावर म्हणाले, "पावणं, तुमचं काय?"

"हार्ट सुजलंय."

"पाय सुजतोय, डोळा सुजतोय. हार्ट कसं सुजंल?"

मी खेट्याची सगळी हकीकत सांगितली. आबांनी फार गंभीरपणानं ऐकली. "म्हंजे वर पोचला न्हाईसा?"

"नाही."

"मग मोडलाच की ओ. पुढल्या साली पयल्यापास्नं धरा."

दवाखान्याचा दिवस मोठा असतो. सहाला रक्त, सातला चहा, आठला वजन, मग औषधांची वाटी, मग राऊंड. पाणी मोजून, लघवी मोजून. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रत्येक थेंबाला किंमत आली. रडू मात्र कुणी मोजत नाही. एकदा अंगाला फडकं लावताना ब्रदरनं पाठीवर जरा जास्त वेळ हात ठेवला आणि मला अचानक रडू कोसळलं. त्यानं फडकं पुन्हा पिळून पुन्हा पाठ पुसली. पाठ तशी स्वच्छच होती.

आबा माझ्या आधी सुटले. जाताना त्यांच्या सुनेनं आणलेल्या केळ्यांतली दोन माझ्या उशीशी ठेवून गेले. मी नवव्या दिवशी घरी आलो.

सुनंदाचा संशय

घरी आल्यावर पंपिंग वाढायला लागलं. तीसचं अडतीस झालं. पण दवाखान्यात गुमान बसलेलं बीपी घरी येऊन उठून बसलं. पूर्वी मला एक गोळी पुरायची. आता दोन झाल्या, तीन झाल्या, चैत्र संपेपर्यंत चार. वरचा आकडा एकशेसत्तरच्या खाली यायला तयार नाही. मशीन खराब असेल म्हणून आम्ही घरातल्या सगळ्यांचं, वॉचमनचं आणि गॅस घेऊन आलेल्या माणसाचंही बीपी बघितलं. सगळ्यांचं छान. मशीनचा माझ्यावरच राग.

घरात मीठ बंद झालं. लोणचं, पापड, खर्डा माळ्यावर गेले. मुलगी अळणी आमटीत बोट बुडवून म्हणाली, "पप्पा, आजारी तुम्ही आणि शिक्षा मला." तरी आकडा हलेना, तेव्हा सुनंदाची खात्री झाली की मी बाहेर खातोय.

"खरं सांगा, कुठं रस्सा ओढताय?"

"देवाशपथ नाही."

"देवाची शपथ घेऊ नका. देवानंच डोंगरावर पाडलंय तुम्हाला."

ती स्कूटरची डिकी तपासायची. दुकानातनं आलो की माझे हात हुंगायची. दुकानातल्या कामाच्या पोरीला तिनं फितवलं होतं, हे मला नंतर कळलं. एक सोमवारची मिसळ सोडली तर मी खरोखर निर्दोष होतो. आयुष्यात जेव्हा जेव्हा मी चोरून खाल्लं तेव्हा पकडलो गेलो नाही, आणि आता उपाशी असताना चोर ठरलो. एकदा तिनं ताट माझ्यापुढं आपटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. "मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला? तसं तरी सांगा."

मला राग आला. मग आठवलं, राग बंद आहे. तसाच बसून राहिलो. पायांत गोळे यायचे, घोटे सुजायचे. संध्याकाळी बोट दाबलं की खळगा राहायचा.

अशा वेळी घरात एकच माणूस माझ्यावर संशय घेत नव्हतं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला आई पितळी पेला पदरात धरून यायची. "बाळू, गिळ. दवाखान्यातल्या गोळ्यांनी आतडी जळत्यात. ह्यानं थंडावा येतोय."

आईचा काढा गोड असतो. आलं, तुळस, मिरी असतं, पण खरा मान ज्येष्ठमधाचा. काड्या खलबत्त्यात कुटून मूठभर घालायची, पाणी निम्म्यावर आणायची. तिचे हात आता कापतात. कुटताना निम्म्या काड्या खाली सांडायच्या, त्या ती एकेक वेचून परत घालायची. मी आजारी पडल्यावर मुठीच्या दोन मुठी झाल्या होत्या. त्या दिवसांत माझ्या तोंडाला चव लागेल असं घरात दुसरं काही नव्हतं. मी तळापर्यंत प्यायचो आणि आई माझा गळा हलताना बघत उभी राहायची.

पिशवी

आषाढात डॉक्टरबाईंनी इको बघून पेन खाली ठेवलं. "पंपिंग परत खाली, पस्तीस. आणि पोटॅशियम इतकं कमी. ही गोळी मी पोटॅशियम वाढावं म्हणूनच दिलीय. काहीतरी जुळत नाहीये. तुम्ही घरी जा आणि दिवसभरात जे जे तोंडात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. सगळं म्हणजे सगळं. दंतमंजनसुद्धा."

मुलीनं ती पिशवी भरली. गोळ्या, चूर्ण, मंजन, बडीशेप. आणि काय सुचलं तिला कोण जाणे, ओट्यावरचा ज्येष्ठमधाचा डबाही घातला. बाईंनी एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. डबा उघडला, वास घेतला.

"हे कोण घेतं?"

"हे काही औषध नाही. आईचा काढा आहे."

"किती?"

मी मूठ करून दाखवली. मग दोन बोटं वर केली. "अशा दोन मुठी. रोज दोनदा."

"किती दिवसांपासून?"

"तसा अधूनमधून लहानपणापासून. असा रोज, दवाखान्यातनं आल्यापासून."

त्यांनी मला पाच मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. ज्येष्ठमध इतकं आणि इतके दिवस गेलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पाय सुजतात, गोळे येतात, आजारी हृदयाला तर ते चालतच नाही. "आजपासून बंद. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल."

माझ्या शेजारी सुनंदा बसली होती. चार महिने माझे हात हुंगणारी. तिनं माझा हात घट्ट धरला, पण माझं तिच्याकडं लक्ष नव्हतं. मला दादा दिसत होता.

दादा कुस्तीच्या मैदानांत माइकवर बोलायचा. जत्रांच्या हंगामात एकेका आठवड्याला तीन-तीन गावं. दोन पैलवान एकमेकांना धरून नुसते उभे असले तरी दादा अशी काही जोड सांगायचा की माणसं झाडावर चढायची. लग्न केलं नाही. म्हणायचा, "मला बोलू देणारी बायको मिळाली न्हाय." त्याचा गळा हेच त्याचं सगळं होतं, आणि तो गळा आईनं सांभाळला होता. घरातनं निघताना एक पेला आणि बरोबर थर्मास भरून. वीस वर्षं. दादाचं बीपीही कुणाचं ऐकायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, ओरडणं कमी करा. एकावन्नाव्या वर्षी, एका मैदानावरनं आल्यावर हात धुता धुता तो मोरीत खाली बसला. मेंदूत रक्तस्राव. थर्मास टेबलावर होता, रिकामा.

मी बाईंना विचारलं. सुनंदाला बाहेर पाठवून विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण फिरवून घट्ट लावलं. "अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं मी काय सांगू? असूही शकेल, नसूही शकेल. बीपी तुमच्या घराण्यातच दिसतंय. हा प्रश्न घेऊन घरी जाऊ नका."

पण प्रश्न काही माझी परवानगी घेऊन रिक्षात बसला नव्हता.

आईला काय सांगायचं

सुनंदा म्हणाली, खरं सांगा. त्या समजून घेतील. मी म्हटलं, माझ्याबद्दल समजून घेईल. मी तिच्यासमोर जिवंत आहे. पण आईनं जर तिथनं मागं दोन पावलं टाकली, तर ती कुठं जाऊन पोचेल?

म्हणून मी आईला सांगितलं की डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलंय, काढाही त्यातच धरतात, आता जागा नाही.

आई म्हणाली, "दोन घोट घ्यायला जागा न्हाय?"

"न्हाय की गं."

"कसली रं ही डाक्टरीण. आईच्या हातचं पाणीबी मोजतीया."

चार दिवस ती तरीही करून आणायची, निम्मा पेला. मी "ठेव, घेतो" म्हणायचो आणि ती वळली की बेसिनमध्ये ओतायचो. चोपन्न वर्षांचा घोडा, आईचा काढा चोरून ओतताना नळ सोडायचो, आवाज येऊ नये म्हणून. लहानपणी कडू औषध असंच ओतलं होतं, तेव्हा दादानं मला वाचवलं होतं. म्हणाला होता, "मीच सांडलं." आता सांडलं म्हणणारं कुणी नव्हतं.

श्रावणात बीपी उतरलं. एकशेपन्नास, एकशेचाळीस, एकशेतीस. चारातल्या दोन गोळ्या सुटल्या. सुनंदानं एका रविवारी आमटीत चिमूटभर मीठ घातलं आणि मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी सुटलो असं मला वाटलं. माझी चूक इथं झाली. इतकी काळजी घेणाऱ्या माणसानं एक साधी गोष्ट केली नाही. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलं नाही.

पुढच्या तपासणीला आई हट्टानं बरोबर आली. नवं लुगडं नेसून, ओटीचा नारळ घेऊन. "माझ्या लेकाला उठवला त्या पोरीनं, तिला बघू दे."

पंपिंग अठ्ठेचाळीस झालं होतं. बाई इतक्या खूश होत्या की त्यांनी उठून आईचे हात धरले. "आजी, नारळ कशाला? तुमच्या काढ्यानंच सगळं चढवून ठेवलं होतं बघा. तो बंद केला आणि लगेच उतरलं!"

त्यांना बिचाऱ्यांना माझ्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं. पण बोललेलं बोलून झालं होतं.

आई म्हणाली, "व्हय? बरं झालं की मग."

तिनं नारळ टेबलावर ठेवला, त्याची शेंडी बाईंच्या बाजूला वळवली आणि चपला शोधायला लागली.

घरी येऊन लुगडं बदललं, घडी घातली, घडी मोडली, परत घातली. मग माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"सदाला मी थर्मास भरून द्यायची."

"आई, दादाचं वेगळं होतं. त्याला आरडायची सवय, जागरणं, जेवणाचा पत्ता न्हाय. मी विचारलंय डॉक्टरांना. त्या म्हणाल्या, त्याचा काय संबंध न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी लहानपणापासून किती वेळा खोटं बोललो असेन आणि किती वेळा तिनं मला पकडलं असेल, ते सगळं त्या बघण्यात होतं. मला वाटलं, आता म्हणेल, खरं बोल.

"आस्सं म्हणाल्या?"

"व्हय."

"बरं." तिनं माझ्या पायावरनं हात फिरवला. घोटा दाबून बघितला. खळगा पडला नाही. "सूज गेलीया," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर खलबत्ता नव्हता. माळ्यावर गेला होता. कापऱ्या हातांनी तो तिनं वर कसा चढवला, कुणाला हाक कशी मारली नाही, कुणालाच कळलं नाही.

म्हाळ

आता मी बरा आहे. पंपिंग पन्नासच्या पुढं गेलंय, दोन गोळ्या आयुष्यभर आहेत. खेट्यांचं डॉक्टर पुढच्या तपासणीत बघू म्हणतात. पन्हाळ्याच्या आबांच्या मते मला पहिल्यापासून धरायला लागणार आहेत. कुणाला ताप आला असेल तर त्यानं तो पुरता जाईपर्यंत अंथरूण सोडू नये, डोंगर कुठं जात नाही. आणि दवाखान्यात कुणी विचारलं, दुसरं काही घेता का, तर घरातलं प्रेमसुद्धा पिशवीत घालून न्यावं. मला एवढंच सांगायचं होतं, त्याला फार पानं लागली.

भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, दादाच्या तिथीला आम्ही म्हाळ घालतो. त्याच्या आवडीचं सगळं पानात वाढतो. पानाशेजारी फोटोसमोर आई दरवर्षी पितळी पेल्यात काढा ठेवायची. घसा बसू नये म्हणून. अकरा वर्षं कधी चुकली नाही.

यंदा सुनंदानं पान वाढलं. मी लांब उभा होतो. आई स्वयंपाकघरातनं तोच पेला दोन्ही हातांत धरून, हळूहळू, सांडू नये म्हणून त्याच्यावर डोळे ठेवून आली. फोटोसमोर ठेवला. वाफ येत होती.

मी वाकून बघितलं. पेल्याचा तळ दिसत होता. नुसतं गरम पाणी.

आईनं पेला फोटोच्या आणखी थोडा जवळ सरकवला.

"पी रं सदा," म्हणाली. "ह्यात काय न्हाय."